वय धरून

खडेबाजारात ग्राफ पेपर मागितला
तर पोरगा म्हणाला, नातवाच्या प्रोजेक्टला काय, अज्जी?
मी म्हटलं, दे की. दहा मोठे. मिलिमीटरचे.
आणि लाल शाई.
पुडकं बांधताना तो हसला,
जणू मी ह्या वयात खेळायला गजगे मागितलेत.

चव्वेचाळीस वर्षं मी काठ काढले.
साडी नाही, काठ.
चौकोन भरला की दोरा वर,
रिकामा ठेवला की दोरा खाली,
आणि वडगावातल्या तीन गल्ल्या
माझ्या चौकोनांवर रात्रभर खडखडायच्या.
गोमी, करवत, रुईचं फूल,
पदराला कोयऱ्या, कोयरीत पोपट.
मंगाईच्या जत्रेत पुढून जाणाऱ्या बायका
मी पायाकडून ओळखायचे:
ही शहात्तरची,
ही धाकटीच्या बाळंतपणातली.

आता गादीवर संकेत बसतो, बुचडींचा नातू.
पंखा लावतो, कुंदा मागवतो,
माझ्याशी मोठ्यानं बोलतो.
ऐकू येतं रे मला. मागांच्या आवाजात जन्म गेला,
तरी येतं.
"काकू, आता तरुण गिऱ्हाईक आहे. फ्रेश पाहिजे त्यांना.
तुम्ही आराम करायचा.
नवरात्रात तुमचा सत्कार ठेवूया."

फ्रेश.
हा शब्द मी दुधाच्या पिशवीवर वाचलाय.
खाली तारीख असते.

ह्याचे आजोबा त्र्याऐंशीव्या वर्षी
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन रंग ठरवायचे.
जांभळ्याला निळा म्हणायचे,
आणि सगळे म्हणायचे,
नजर आहे म्हाताऱ्याला.

सत्कार झाला. शाल, नारळ,
एक भाषण मराठीत, एक कन्नडमध्ये,
दोन्हींत मी भूतकाळात.
आणि वर एक साडी, हेरिटेज म्हणून नवी काढलेली,
पेटीवर शिवलीलाचं नाव.
बेंगळूरहून शिकून आलीय. चांगली पोर.
मान मोडून कॉम्प्युटरसमोर बसते,
पाणी प्यायचं विसरते.

घरी येऊन घडी मोडली
तर माझाच पोपट.
सत्याऐंशी साली सुमीला ताप होता, लाइट गेलेली,
एक चौकोन भरायचा राहिला
आणि सहाशे साड्यांवर पोपट आंधळा निघाला.
थोरल्या बुचडींनी माझे पैसे कापले.
साड्या हुबळीपर्यंत खपल्या.
हाही आंधळाच.
कॉम्प्युटरनं इमानानं उतरवलाय.

दुसऱ्या दिवशी शिवलीला घर शोधत आली.
"अक्का, ह्याला डोळा का नाही?
मी तीन दिवस शोधला.
सिस्टिममध्ये चूक दिसत नाही."
चहा दिला. तापाचं सांगितलं.
दोघी पुष्कळ हसलो.
मग बशीकडं बघत तिनं विचारलं,
"तुम्ही सोडलात कशाला?"

मी सोडलं?

कप विसळायला मी बराच वेळ लावला.

म्हणून हा ग्राफ पेपर.
पोपट नाही आता.
टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटवर काल थांबले होते,
फाटकाचे दांडे खाली येत होते, पांढरा तांबडा पांढरा,
आणि एक बाई त्यांच्याखालून
स्कूटर तिरकी घालून निघून गेली.
गेटमन शिव्या देत राहिला, कन्नडमध्ये, मग मराठीत.
तेवढं तिरकं मला काठात पाहिजे.

हात कापतो थोडा.
चौकोनाला त्याचं काही नाही,
भरला तर भरला.

मागच्या बाजूला लाल शाईनं नाव घातलंय, मराठीत.
दर कन्नड आकड्यांत,
दिवाणजी चनबसप्पांना चष्मा शोधावा लागू नये म्हणून.
गेल्या खेपेच्या दुप्पट.
वय धरलंय त्यात.