भाडेकरार

माग भंगारात गेला, खोली उरली.
साखर पेठ, दहा बाय बारा,
फरशीत बोल्टांची चार भोकं.

संस्थेची पोरगी म्हणाली, डिपॉझिट आमचं.
कुणी पाच हजार ठेवलेत, कुणी पन्नास,
व्याज बँकेपेक्षा कमी, तरी ठेवलेत.
आणि भाडं थकलं तर?
आमच्याकडून घ्या, नरसम्मा.

इरप्पा आला. एक पिशवी, एक चादर.
चादर आमच्याच मागावरची,
काठावरून ओळखली, बोलले नाही.
करारात ‘सध्याचा पत्ता’पाशी पेन अडलं.
“एस.टी. स्टँड, फलाट सात,” म्हणाला.
हसला नाही.

आठ रात्री दार सताड टाकून झोपला,
पाय उंबऱ्याबाहेर.

काल बिड्या वळत बसले होते,
आतून कडी लागल्याचा आवाज आला.
हातातलं पान तसंच राहिलं.

भाडं पाच तारखेला.
बघू.