व्हर्निअर

भोसरीत, टर्निंग सेक्शनला
एकोणीस वर्षं झाली मला.
शाफ्टचा व्यास पंचवीस, अधिकउणे दोन शतांश.
त्यापलीकडे गेला की माल लाल पेटीत.
मीच टाकतो. हात थरथरत नाही.

डाव्या हातावर मात्र दुसरं मशिन चालायचं:
तळवा म्हणजे बेड, अंगठा म्हणजे टूल,
नखभर चुना,
दोन थापट्या, भुसा उडाला, माल तयार.
शेजारच्या मशिनवरचा निवृत्ती ढोबळे
मान न वळवता तळवा पुढं करायचा,
मी न विचारता निम्मी द्यायचो.
मागायला लाज नाही, द्यायला हिशेब नाही.
सतरा वर्षं आमचं एवढंच बोलणं.

मग निवृत्ती म्हणायला लागला, भाकरी तिखट लागते.
भाकरी, तिखट! आम्ही हसलो.
बायको दुधात कुस्करून देते म्हणाला,
आम्ही आणखी हसलो: लेका, बारसं कधी?
मार्चमध्ये त्याचा डावा जबडा काढला.
ससूनच्या वॉर्डात त्यानं पाटीवर लिहून विचारलं,
‘माझ्या मशिनचं ऑइल बदललं का?’

जूनमध्ये कॅन्टीनला तपासणी लागली.
खुर्ची प्लास्टिकची, डॉक्टर माझ्या पोरीएवढी.
‘काका, तीन बोटं उभी घाला तोंडात.’
दोन गेली.
तिसरं दाराशीच थांबलं,
उसने पैसे मागायला आलेल्या पाहुण्यासारखं.
ती रागावली नाही. भीतीचे फोटो दाखवले नाहीत.
म्हणाली, ‘गालाच्या आत दोरखंड झालेत.
हा अजून कॅन्सर नाही.
आज सोडलीत तर पुष्कळ काही तुमच्या हातात आहे.’

मी हात बघितला. अंगठ्याला चुना होता.

रात्री मोरीतल्या आरशासमोर
व्हर्निअरनं स्वतःला मोजलं,
वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत:
सत्तावीस पॉइंट चार.
आणि पोरगी तर चाळीस म्हणाली होती.
एवढा चुकलेला पीस
मी जन्मात पास केला नव्हता.

मागं रतन उभी. तिची तर्जनी काळी.
मिश्री.
तव्यावर भाजतानाचा तो वास
मला आपल्या घराचाच वास वाटायचा.
‘आ कर,’ म्हणालो.
‘मी कुठं खाते? मी तर दात घासते.’
‘दिवसातून किती वेळा?’
ती मोजत राहिली.
एका हाताची बोटं संपली.

तवा भंगारात गेला.
माझी पुडी मात्र एका झटक्यात गेली नाही.
तीनदा फेकली, दोनदा कचऱ्यातून उचलली,
हेही नोंदवून ठेवतो; इन्स्पेक्शन रिपोर्ट खोटा नको.
पहिल्या आठवड्यात मी पोरीवर ओरडलो,
सुपरवायझरवर ओरडलो,
दापोडीच्या पुलावर सुट्या पैशांवरून
कंडक्टरशी भांडलो, आणि सुटे माझ्या खिशातच होते.
टपरीवाला सवयीनं पुडी सरकवतो.
मी बडीशेप मागतो. तो विचारतो, ‘उपास का?’
उपासच. फक्त सोडायचा नाही.

आता जेवणानंतर दोघं भिंतीला टेकून बसतो,
दातांत कुल्फीच्या काड्या रचून,
त्या डॉक्टर पोरीनं शिकवल्याप्रमाणे.
मी चौदा, ती सतरा.
गाल ताणतात, डोळ्यांत पाणी येतं.
बोलता येत नाही,
त्यामुळं घरात अर्धा तास शांतता असते.

एक्कावन्नाव्या दिवशी निवृत्तीकडे गेलो.
त्याची बायको नळीतून पेज सोडत होती.
त्यानं पाटीवर लिहिलं, ‘किती?’
मी बोटांनी पंधरा दाखवल्या.
त्यानं पाटी पुसली. दुसरं काही लिहिलं नाही.
मग सवयीनं, मान न वळवता,
तळवा पुढं केला.

खिशात बडीशेप होती.
काढणार होतो, मग आठवलं.

म्हणून त्याच्या तळव्यावर
माझा डावा हात ठेवला,
तसाच, रिकामा,
आणि अंगठा थोडा वेळ
काही न मळता
तिथं हलत राहिला.