साडेआठ

बेळगावच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
हुक्केरी मॅडमनी अक्काला तीन शब्द दिले :
सफरचंद, खुर्ची, नाणं.
ठेवा लक्षात, थोड्या वेळानं विचारते.
आधी कन्नडात म्हणाल्या, मग मराठीत.
मीही ठेवून घेतले, कुणी सांगितलं नसताना.

नाव? बायाक्का.
वडलांचं? दुंडाप्पा.
हे चटकन आलं. नको तेवढं चटकन.

शंभरातून सात वजा करा.
"शंभरात सात छाट?" अक्कानं विचारलं,
"मग त्र्याण्णव ऱ्हायल्या."
त्यातून परत सात?
"ते मालक ठरवणार, बाई.
त्याच्या मनात आलं तर सगळ्याच छाट."

मॅडमना विडीचा हिशेब कळला नाही.
मी सांगितलं : निपाणी. सातव्या वर्षापासनं.
मांडीवर सूप, सुपात पानं, पानांवर जर्दा,
आणि पाठीमागं मी, पाटी घेऊन,
कारण एकाला शाळेत पाठवायचं ठरलं होतं
आणि शाळेतल्या पोराच्या अंगावर वळ दिसून चालत नाहीत.
वळ तिनं घेतले.
शेवटचं वाक्य मी मनातच बोललो.

घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.
तिनं गोल काढला, सुपाएवढा, कागदाच्या कडेपर्यंत,
आणि आत मला लिहायला सांगितलं : साडेआठ.
काटे नाहीत.

साडेआठला गुत्ता मिटायचा नाही,
त्याचे पैसे संपायचे.
मग सायकल. मग बोळ. मग स्टँडचा आवाज.
एका दमात लागलं तर जेवून झोपेल.
दोनदा घसरलं तर दिवा बारीक,
मी पोत्यामागं.
अक्काची बोटं पानावर असायची, कान बोळात.
बोटं थांबून बरीच वर्षं झाली.

"लहानपणी काही त्रास?"
"काय न्हाई. सगळ्यांचं असतंय तसंच."

तेवढ्यात बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढलं.
लोखंड फरशीवर घसरलं. परत घसरलं.
आम्ही दोघांनी एकदमच दाराकडं बघितलं :
ती, आणि मी, रिटायर हेडमास्तर, खिशाला पेन,
आणि माझे पाय खुर्चीखाली गेलेले.
मॅडमनी आधी तिला पाहिलं, मग मला,
आणि लिहिलं फक्त तिच्या कागदावर.

आता सांगा ते तीन शब्द.
अक्का हसली. पदराचं टोक वळत राहिली,
अंगठा आणि तर्जनी, घट्ट, सारखं.
"कुठलं शब्द?"

परतीच्या बसमध्ये तवंदीच्या घाटात तिनं विचारलं,
"मल्ल्या, तुला किती आठवल्यात रं?"
मला तिन्ही आठवत होते. आत्ताही आठवतात.
"एक," म्हटलं.
"कुठला?"
"खुर्ची."
"मला तेवढाबी न्हाई."
मग बराच वेळ गेला, संधिप्रकाश काचेवर आला.
"घराचं दार लावलंय न्हवं?"
"लावलंय, अक्का."
"कडी?"
"कडीबी."