रोट

कुनरीहून बस सुटली तेव्हा
माझ्या बोटांत अजून मिरचीची आग होती.
चैत्र लागला होता.
आदल्या आठवड्यात छडीदार वेरसी दारोदार फिरून
घरटी एक ओंजळ पीठ मागून गेला.
मी ओंजळ भरून दिली, वर आणखी अर्धी.
“एकच लागते,” तो म्हणाला.
म्हटलं, असू दे.

कराची मागे पडली
आणि डाव्या हाताला समुद्र आला.
आमच्यातल्या कुणीच तो पाहिला नव्हता.
एवढं पाणी, आणि पिता येत नाही!
धाई म्हणाली, “कुणाचा शाप गं हा?”
तिचा मुलगा माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता,
अकरा वर्षांचा, काटकुळ्या पायांचा.
“मावशी, जड काय आहे यात?”
नारळ रे, मी म्हटलं. नुसते नारळ.

चंद्रगुपच्या पायथ्याशी रात्र.
वाऱ्यात वाळू, वाळूत वारा.
पीठ जमिनीला टेकायचं नाही, अशी रीत,
म्हणून चादर ताणून चौघांनी चार कोपरे धरायचे.
तिसरा कोपरा मी धरला.
समोरचा धाईने.
मध्ये सगळ्या घरांचं पीठ,
त्यात तूप, गूळ, आणि वेरसीचे कोपरापर्यंत बुडालेले हात.
माझी दीड ओंजळ कुठली
आता देवीलाही सांगता आली नसती.

तेव्हाही अशीच चादर होती.
पुराच्या साली, कालव्याच्या बांधावर,
एकवीस रात्री.
एका बाजूला मी, एका बाजूला धाई,
तिच्या कुशीत नऊ दिवसांचं बाळ.
तिने विचारलं, “हंजू, काही आहे का?”
मी म्हटलं, काही नाही.
माझ्या गोधडीखाली अर्धं पोतं होतं.
रात्री मी ते कोरडंच चघळायचे
आणि खोकला आला की तोंडात पदर कोंबायचे.

पहाटे डोंगर चढलो.
डोंगर म्हणजे राखेच्या रंगाचा चिखल,
वर तोंड उघडं, आत रटरट.
रोटाचा पहिला तुकडा तिथेच पडला
आणि आवाज न करता बुडाला.
मग एकेकाने पुढे व्हायचं,
आपलं नाव, बापाचं नाव, गाव,
आणि केलेलं पाप. मोठ्याने.
बुडबुडा आला तर माफ.

एक म्हातारा तराजूबद्दल रडला.
एका नवऱ्या मुलाला काहीच आठवेना,
सगळे हसले, वेरसीसुद्धा.

मी म्हटलं,
हंजू, केसूची लेक, मुक्काम कुनरी.
सासूची नथ विकली आणि हरवली म्हणाले.
तेही खरंच होतं.
चिखल फुगला, मोठा, गोल,
भाकरी फुगावी तसा,
आणि फुटला.
“माफ!” वेरसी ओरडला.
लोक म्हणाले, जय माता.
माझ्या पायावर एक शिंतोडा उडाला,
थंड. मला वाटलं होतं उकळता असेल.

उतरताना उरलेला रोट वाटला.
धाईने स्वतःचा तुकडा मोडून
पोराला दिला, मग उरलेला मोडून मला,
जसं काही माझ्या हातात नव्हताच.
“नीट भाजलाय का गं?”
मी चावत राहिले.
दाताखाली वाळू, आणि पिठाची ती चव,
ओळखीची.
“मध्ये कच्चा आहे,” मी म्हटलं.
ती माझ्याकडे बघत राहिली.
“मला माहीत आहे,” म्हणाली,
आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हिंगोल ओलांडून आईच्या गुहेत.
पाणी देणारा बलुच म्हातारा म्हणाला,
“नानीकडे आलात, घोटभर प्या आधी.”
शिळेखालून सरपटत जायचं असतं,
एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर,
पोटातून यावं तसं.
मी निम्म्यात थांबले.
अंधार, तेलाचा वास, पाठीवर दगड.
जे काल बोलले नाही ते ओठांशी आलं,
पण तिथे आवाज काढायलाही जागा नव्हती.

मागून माझ्या टाचेला कुणाचा तरी हात लागला.
धाई.
“सरक पुढे, हंजू,” ती म्हणाली.
“अडकू नकोस. माझ्यामागे पोर आहे.”