तीन ढगांचा तक्ता

मी ऊना मॅकगिनली. किलिबेग्ज बंदर,
मासळीचं लिलावघर, हिशेबाची खिडकी. एकवीस वर्षं.
माझ्यामागे जिन्याखालच्या कोनाड्यात
एक सर्व्हर आहे, धाप लागलेला.
त्याच्यावर लिलावघराची मांजर झोपते.

मंडळ म्हणालं, हा आता पुरे झाला. सगळं क्लाउडवर न्या.
कुठल्या, ते ऊना, तू बघून सांग.

बांगडा असता तर कल्ला उचलून पाहिला असता,
लाल की तपकिरी.
ढगाचा कल्ला कुठे असतो?

वहीचं पान आडवं धरून रेघा मारल्या.

ॲमेझॉन. सगळ्यात जुनं, सगळ्यात मोठं दुकान.
सुतळीपासून नांगरापर्यंत सगळं मिळतं;
मला हवे होते चार जिन्नस.
नमुन्याचं बिल आलं ते भाच्याला दाखवलं.
ओरान हिशेबनीस आहे, लेटरकेनीत त्याची पाटी आहे.
दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
म्हणाला, "मावशी, चहा टाक."

मायक्रोसॉफ्ट. जुनी सोयरीक.
आमची पत्रं, तक्ते, सभांची इतिवृत्तं आधीच त्यांच्या घरी.
म्हणून सूट. म्हणून गोड बोलणी.
फक्त कुठलं दार कुठल्या खोलीत उघडतं
आणि दारांवरची नावं सारखी का बदलतात
हे सोयऱ्यांना विचारायचं नसतं.

गूगल. हुशार पोर.
अकरा वर्षांचे भाव एका दमात चाळून म्हणालं,
वादळानंतरच्या तिसऱ्या दिवशी हॅडॉक स्वस्त होतो.
खरं आहे. माझ्या आईलाही ठाऊक होतं.
पण आईला चाळीस वर्षं लागली, याला तीन सेकंद,
हे मान्य करायला हवं.
धास्ती एवढीच की या पोराला खेळ मोडायची खोड आहे.
आज हौसेनं मांडलेलं उद्या गुंडाळतं.

विकायला आलेल्यांतला एक फार गर्जला,
नव्व्याण्णव पूर्णांक, आणि पुढे नऊच नऊ.
गर्जेल तो पडेल काय, म्हणतात.
मी तेच लिहून मागितलं:
पडणार नाही म्हणून. त्याने विषय बदलला.

एक रकाना मात्र तिघांचाही सारखा निघाला.
तो मी धक्क्यावर जाऊन कोनल ब्रेस्लिनला वाचून दाखवला.
माहिती आत आणायला फुकट,
बाहेर न्यायची तर वजनावर पैसे.
कोनलने जाळ्यातली सुई थांबवली.
"शेवंडीचा पिंजरा," म्हणाला.
"जाताना तोंड रुंद, परतताना अरुंद. आणि आमिष?"
पहिले बारा महिने सवलत, मी म्हटलं.
"चांगलं विणलंय," तो म्हणाला. कारागीर कारागिराबद्दल बोलतो तसं.

फेब्रुवारीत, चाचणी चालू असताना,
वाऱ्याने फिनट्राजवळचा खांब पाडला.
डब्लिनकडे तिन्ही ढग शाबूत होते,
बिनखिडक्यांच्या आपापल्या गोदामांत, कोरडे.
आम्हीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतो.
पहाटे पाचला बत्तीस खोकी, अकरा गिऱ्हाईकं,
आणि मी, मागच्या खोलीतली पाटी, ओला खडू.
सात वाजता सगळं विकलं गेलं होतं.
बेरीज सत्तर सेंटने चुकली. ते मी माझ्या खिशातून भरले.

तक्त्यात नवी ओळ घातली: खांब.
तिघांच्याही पुढे कोरी राहिली.

शेवटी सोयऱ्यांकडे गेलो. तीन वर्षांचा करार.
दर रविवारी एक प्रत डिस्कवर घेते
आणि बिस्किटांच्या डब्यात घरी नेते.
मंडळाला हे सांगितलेलं नाही.

सर्व्हर उचलायला दोन माणसं आली.
त्याच्या जागी फरशीवर धुळीचा चौकोन उरला.
मांजर आली, चौकोन हुंगला,
मधोमध बसली,
आणि माझ्याकडे बघत राहिली.
ऊब हा रकाना
मी मांडलाच नव्हता.