ठेवू नका

रोज रात्री साडेआठला मी कपाटात शिरते.
साड्या आवाज गिळतात, भिंतीसारखा परत फेकत नाहीत,
हे साउंडवाल्या जाधवरनं शिकवलेलं.
डांबरगोळ्यांचा वास, पाठीला इस्त्रीची टोपली,
हँगरला लटकवलेली बॅटरी, मांडीवर संहिता.
तिन्ही घंटा मीच देते, स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं.
मग नंबर लावते.
एका प्रयोगाला एकच प्रेक्षक.
हाउसफुल्ल म्हणजे त्यानं फोन उचलला.

नाटक बावीस मिनिटांचं.
परगावी अडकलेल्या एका बाईला वाटतं, घरी नळ चालू राहिला.
ती कुणा अनोळखी माणसाला फोन करते:
जरा बघता का जाऊन?
मग प्रेक्षकानं आपल्याच घरात चालायचं, माझं समजून.
दिवे घालवायचे, नळाला कान लावायचा.
डावीकडे खिडकी आहे ना, मी विचारते.
सगळ्यांकडे असते, कुठल्या ना कुठल्या डावीकडे.

वडगाव शेरीचे एक डॉक्टर तिसऱ्या मिनिटाला झोपले,
उरलेलं नाटक मी त्यांच्या घोरण्याला ऐकवलं.
सदाशिव पेठेतल्या बाई मधेच म्हणाल्या,
वॉशर बदला, एवढं नाटक कशाला?

एकतिसावा प्रयोग धायरीला.
लोणकर, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर,
मशिन चालू असल्यासारखे अजून मोठ्यानं बोलणारे.
तिकीट भाचीनं काढलेलं, त्यांना न विचारता.

नळ बंद आहे, बाई, ते म्हणाले.
पण ओट्यावर दोन कप आहेत.
संहितेत कप नाहीत.
कुणाचे, मी विचारलं.
एक माझा.
एक हिचा, परवा नेलं तेव्हाचा. तसाच आहे.

एक अँब्युलन्स गेली, आधी त्यांच्या फोनमधून,
मग पाच-सहा मिनिटांनी माझ्या खिडकीखालून,
तीच असावी, दांडेकर पुलाकडे.
रस्त्यावर दुसरं होतंच काय.

मी संहितेवर परत आले: डावीकडे खिडकी आहे ना?
तेवढ्यात त्यांचा आवाज तुटला. टुक्. टुक्.
जंबोतून आहे, म्हणाले. घेतो.
तुम्ही ठेवू नका.

मग ती दुसरी बाई आली, रेकॉर्ड केलेली:
आपला कॉल होल्डवर ठेवण्यात आला आहे.
मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, पुन्हा मराठीत.
तिचाही एकपात्रीच.

बुधवारी दुपारचे प्रयोग केलेत मी,
अकरा प्रेक्षक, त्यातले चार नातेवाईक.
लाइट गेले, कुत्रं स्टेजवर आलं,
समोरचा नट दुसऱ्याच अंकात शिरला,
सगळं निभावून नेलंय.
याची तालीम कुणी घेतली नव्हती.
नवऱ्यानं बाहेरून टकटक केली, वरण निवतंय.
मी हात वर केला, थांब म्हणून.
बंद कपाटात.

हं, ते आले.
आणि गप्प.

विचारायचं होतं. नाही विचारलं.
दुसऱ्याचा पॉज खायचा नसतो,
सव्वीस वर्षांत एवढंच नीट शिकले.
बॅटरी मिणमिणायला लागली होती.

डावीकडे खिडकी आहे ना,
इथवर आलो होतो आपण, ते म्हणाले.
हळू आवाजात. पहिल्यांदाच.

डावीकडे खिडकी आहे ना, मी म्हणाले.
आहे. उघडली.

पुढचं सगळं केलं आम्ही, एकही वाक्य न गाळता.
शेवटी ती बाई म्हणते, आभारी आहे, ठेवते आता.
मी तसं म्हणाले.
बरं, ते म्हणाले, आणि ठेवला नाही.
मीही नाही.

फोन ओट्यावर टेकल्याचा आवाज.
मग नळ.
मग चिनीमातीवर घासणी, सावकाश, कड फिरवून.

एक कप होता की दोन,
कपाटातून काही कळलं नाही.