आवृत्ती शून्य पूर्णांक एक

हळदीच्या अडत दुकानावरच्या खोलीत
बैठक रविवारी ठेवली, सौदे बंद असतात म्हणून.
जिन्यातच नाकात भुकटी जाते,
वर पोचेपर्यंत प्रत्येकजण एकदा शिंकलेला असतो.
इतिवृत्त मी लिहायचं ठरलं,
माझ्या लॅपटॉपची बटणं आधीच पिवळी आहेत.

हजर:
तबस्सुम शिकलगार, जिचा एकही कंस कधी उघडा राहत नाही.
सुकुमार आवटी, दुकान त्याच्या चुलत्यांचं, चहाही त्यांचाच.
दिगंबर कोष्टी, वय बहात्तर,
छापखान्यात खिळे जुळवण्यात जन्म गेला,
संगणकाला अजून ‘ते यंत्र’ म्हणतात.

विषय एकच.
कुठल्याही संस्थेला आपलं घर इंटरनेटवर
स्वतः बांधता यावं असा संच करायचा,
फुकट, आणि आतून उघडा.
वाचनालयाला, तुंगच्या पाणीपुरवठा संस्थेला,
डिग्रजच्या बचत गटाला.

मागचं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना आठवत होतं:
वाचनालयाची साइट एका पोरानं करून दिलेली,
पासवर्ड त्याच्या डोक्यात, आणि डोकं हिंजवडीत.
एके सकाळी तिथं बुटांची जाहिरात आली
चार हजार पुस्तकांच्या जागी.

फळ्यावर यादी वाढत गेली.
सभासद. वर्गणी. सूचना. मतदान. फोटो.
आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट.
कुणीतरी मोबाइल ॲप म्हणालं
(मीच म्हणालो).
तबस्सुमनं असं बघितलं
की मीच उठून पुसून आलो.
‘माणसं किती आपण?’
‘रविवारी चार.’
‘आणि सोमवारी?’
‘दीड.’
‘मग दीड माणसाची यादी कर.’

सुकुमारचं घोडं परवान्यापाशी अडलं.
उघडं म्हणजे किती उघडं?
उद्या कऱ्हाडचा कोणतरी हेच उचलंल,
नाव बदलंल, विकंल. आपलं काय राहिलं?
चुलते कपबशा न्यायला आले होते,
दारातच थांबले.
‘बेणं दिलं तर बेणं परत घ्यावं.
त्याच्या रानात चार कांडं जास्त फुटली
तर ती त्यानं झाकून ठेवू नयेत.
एवढी अट घाल की, आणि गप बस.’
मी तसंच लिहून घेतलं.
वकिली भाषेत त्याची दहा पानं होतात,
तबस्सुम म्हणाली, ती तयार मिळतात.

चाचणीचा मुद्दा निघाला तेव्हा
कोष्टीकाका हरिपूरच्या पेवांवर गेले.
पुरात गेली ती. पण पेव फोडलं की
आधी दोरीनं कंदील सोडायचे आत.
विझला, तर माणूस उतरवायचा नाही.
‘तासभर मी दुसरं काय सांगतेय?’ तबस्सुम म्हणाली.
‘प्रत्येक भागाला एक कंदील. कोण लिहिणार?’
सगळे आपापल्या चपला बघायला लागलो.

मग काकांनी नमुन्याची सभासद यादी
चष्मा कपाळावर नेऊन वाचली,
आणि बोट एका जागी थांबलं.
‘काळे काशीदच्या आधी कसे?’
काका, यंत्राच्या हिशोबात ळ हा ल च्या शेजारी राहतो.
‘ळ ह च्या पुढं. शाळेपासून तिथंच.’
जगभर असंच चालतं, काका.
‘मग जगाला कळवा.’
त्यांचा उजवा हात हवेत थोडा सरकला,
नसलेल्या केसमधल्या नसलेल्या खणाकडं,
आणि अचूक तिथं टेकला.
‘हळदीच्या गावात बसून लिहिताय,
आणि ळ ला उपरा करताय.’

खाली कुणीतरी शटर ओढलं.

ठराव.
मतदान पुढच्या आवृत्तीत. फोटो त्याच्या पुढच्या.
पुराचे फूट राहतील, आणि जूनच्या आत चालू होतील.
कंदील: तबस्सुम, आणि शिकत शिकत मी.
काम क्रमांक एक: ळ.
जबाबदारी: दि. कोष्टी.
मुदत विचारली तर म्हणाले, जिवंत आहे तोवर.
मी लिहिलं, पुढचा रविवार.